कर्त्याचं नाव नाही

बँकेतल्या नोकरीत मी काही कादंबऱ्या लिहिल्या आणि काही हजार पत्रं लिहिली. कादंबऱ्यांचं जाऊ द्या. पत्रांची सुरुवात मात्र ठरलेली असे: आपणांस कळविण्यात येते की. कोण कळवतं आहे, ते कधीच लिहायचं नाही. अर्ज नामंजूर करण्यात येतो, मुदत वाढविण्यात येत नाही, खाते बंद करण्यात आले आहे. सगळं आपोआप घडत असल्यासारखं.

एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना असंच एक पत्र हातात घेऊन एक वयस्कर शेतकरी आले होते. विहिरीच्या कर्जाचा अर्ज होता. त्यांनी पत्र माझ्या टेबलावर नीट उलगडून ठेवलं आणि शांतपणे विचारलं, की अर्ज नामंजूर कुणी केला? पत्राखाली सही माझी होती, शेरा माझा होता, निर्णयही माझाच होता. मी मान वर करून 'वरच्या ऑफिस'कडे बोट दाखवलं. ते पत्राची घडी घालून निघून गेले.

पुढे माझी बदली मुंबईला परकीय चलनाच्या खात्यात झाली. तिथं १९९० च्या दशकात एकदा फिनलंडची पाचशे मार्कांची नोट हाती आली. आमच्याकडे ते चलन क्वचितच दिसायचं, म्हणून जरा न्याहाळून पाहिली. मजकूर दोन भाषांत, फिनिश आणि स्वीडिश. चित्र मात्र राजाचं नाही, सेनापतीचं नाही. एक शांत चेहरा. चौकशी केली तेव्हा कळलं, की हे एलियास लोनरूट, पेशानं डॉक्टर, शिंप्याचा मुलगा, आणि 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याचे संकलक. २००२ मध्ये युरो आला नि ती नोट चलनातून गेली. माझ्या डोक्यातून मात्र तो माणूस गेला नाही. त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता त्याच्या भाषेच्या व्याकरणात शिरलो. तिथं मला माझं 'कळविण्यात येते' भेटलं, पण अगदी निराळ्या वेषात.

फिनिश भाषेत एक प्रयोग आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला कर्मणी म्हणतात, पण आपला शाळेतला कर्मणी प्रयोग डोक्यात ठेवून त्याच्याकडे पाहिलं तर घोटाळा होतो. आपल्या 'रामाने आंबा खाल्ला'मध्ये राम हजर असतो. फिनिशमध्ये क्रियापदाला एक ठरावीक शेपूट लागतं आणि कर्ता वाक्यातून उठून जातो. 'लाउलेतान' हा एकच शब्द घ्या. अर्थ: गायलं जातं, गातात, गाणं चाललं आहे. कोण गातं, ते याच वाक्यात सांगायची सोय नाही. आपण मराठीत 'पोलिसांकडून' किंवा 'समितीद्वारे' असं लावून कर्त्याला मागच्या दारानं आत घेतो. चांगल्या फिनिशमध्ये ते दारच नाही. वर्तमानपत्री भाषेत 'च्या मार्फत' अशा धर्तीचा एक शब्द हळूच घुसला आहे खरा, पण तिथले भाषेचे मास्तर तो तांबड्या शाईनं खोडत आले आहेत.

इथवर ही आमच्या बँकेचीच भाषा वाटेल. पण एक मोठा फरक आहे. फिनिशमधला तो न सांगितलेला कर्ता माणूसच असावा लागतो. वाऱ्यानं झाड पडलं तर हा प्रयोग वापरत नाहीत. तिथं झाड नुसतं 'पडलं'. झाडाविषयी हा प्रयोग केला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा राहतो. नाव नाही, चेहरा नाही, पण माणूस आहे. शिवाय 'जाणं', 'असणं', 'नाचणं' अशा अकर्मक क्रियांनाही तो चालतो. आपण मराठीत म्हणतो ना, सकाळी उठावं, चूळ भरावी, चहा टाकावा. कुणी, ते सांगत नाही, पण उठणारं कुणीतरी असतंच. काहीसं तसं. तिथले काही भाषाशास्त्रज्ञ तर याला चौथा पुरुष म्हणतात. आणि गंमत अशी, की हाच बिननावाचा कर्ता बोलीत 'आपण' होऊन बसतो. 'मेन्नॅन' म्हणजे 'जातात', आणि 'मेन्नॅन' म्हणजेच 'चला, जाऊ या'.

ही भाषा त्या देशात शतकानुशतकं बोलली जात होती, पण शिकलेल्यांच्या हिशेबी ती भाषाच नव्हती. सहाशे वर्षांहून अधिक काळ तो मुलूख स्वीडनच्या राज्यात होता. १८०९ मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला, तरी शाळा, कचेऱ्या, कोर्ट, विद्यापीठ सगळीकडे स्वीडिशच चालत राहिली. फिनिश ही शेतातली, स्वयंपाकघरातली, आणि रविवारी चर्चमधली. तिची लेखी रूपं मिकाएल आग्रिकोलापासूनच्या धर्मोपदेशकांनी घडवली. त्याचा 'नवा करार' १५४८ सालचा. लॅटिन, जर्मन, स्वीडिशवरून भाषांतरं करताना त्यांनी त्या भाषांची वळणंही उचलली, आणि बंद दार फोडून 'अमक्याकडून' हा कर्ताही आत आणला. पुस्तकात एक फिनिश आणि अंगणात दुसरी. अंगणातली ऐकायची तर कुणीतरी पायी हिंडायला हवं होतं.

एलियासचा जन्म ९ एप्रिल १८०२ चा, दक्षिण फिनलंडमधल्या साम्मात्ति गावचा. जमीनदाराच्या जागेतली कुळाची लहानशी झोपडी, बाप गावचा शिंपी, सात भावंडांतला हा चौथा. पीक बुडालेल्या वर्षी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळायची आणि त्याची भाकरी करायची, असा तो काळ. पोराला वाचनाचं वेड. शेजारची बाई म्हणे आपल्या मुलांना उठवताना सांगायची, की एलियास केव्हाच पुस्तक घेऊन झाडावर चढून बसला आहे.

शाळेत गेला तर तिथं सगळं स्वीडिशमध्ये. घरात एक भाषा आणि फळ्यावर दुसरी. पैसे संपले की शाळा सुटायची. गरीब विद्यार्थ्यांनी दारोदार जाऊन गाणी म्हणायची नि धान्य मागायचं, अशी तिथं रीत होती. आपल्याकडे माधुकरी मागून, वारावर जेवून शिकलेली पिढी होती; तिच्या नातवंडांना हे चित्र परकं वाटणार नाही. एलियासही असा गात, मागत फिरला. काही काळ औषधाच्या दुकानात उमेदवारी केली. अखेर १८२२ मध्ये तो तुर्कूच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याच शरद ऋतूत तिथं आणखी दोन तरुण नाव नोंदवायला आले: पुढं राष्ट्रकवी झालेला रुनेबेर्ग, आणि फिनिश भाषेच्या हक्कासाठी लढलेला विचारवंत स्नेलमान. एकाच वर्षाच्या हजेरीपटावर ही तीन नावं!

इथून पुढं मी 'तो' सोडून 'ते' म्हणतो.

लोनरूटांचे शिक्षक होते राइनहोल्ड फॉन बेकर. त्यांनी फिनिशचं व्याकरण लिहिलं होतं, आणि लोककाव्यातला म्हातारा गायक-वीर वैनामोइनेन याच्यावर प्रबंध लिहायला त्यांनीच शिष्याला लावलं. प्रबंध लॅटिनमध्ये. १८२७ मध्ये पहिला भाग छापून झाला आणि त्याच सप्टेंबरात तुर्कू शहर जळालं. दुसरा भाग त्या आगीत गेला. विद्यापीठ हेलसिंकीला हलवायचं ठरलं. लोनरूटांनी पाठीवर पिशवी टाकली, बासरी घेतली आणि १८२८ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडे चालायला लागले.

असे एकूण अकरा प्रवास त्यांनी केले. पायी, होडीनं, स्कीवरून, घसरगाडीतून. खेड्यात पोचलं की बासरी वाजवायची. पोरं जमत, मग बाया, मग म्हातारे. शिंप्याचा मुलगा असल्यानं चुलीजवळ बसून गप्पा मारायला त्यांना वेगळं सोंग आणावं लागत नसे. ती गाणी आठ अक्षरी चालीची, आद्याक्षरांच्या यमकाची, एकच गोष्ट दोन ओळींत फिरवून सांगणारी. आपली जात्यावरची ओवी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे त्यांना या गाण्यांची जात कळेल. तिथंही रचणारीचं नाव नसतं.

मध्येच डॉक्टरी पुरी झाली. तिचा प्रबंधही फिनिश लोकांच्या मंत्रतंत्रातल्या उपचारांवर. १८३१ मध्ये हेलसिंकीत फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले चिटणीस. १८३३ मध्ये उत्तरेकडच्या कायानी या चिमुकल्या गावी जिल्हा डॉक्टर म्हणून ते रुजू झाले आणि तिथं सुमारे वीस वर्षं राहिले. प्रचंड मोठा जिल्हा, त्यात एकटा डॉक्टर. त्याच सुमारास लागोपाठ पिकं बुडालेली, ताप नि हगवणीच्या साथी. तापानं त्यांनाही गाठलं; कसेबसे वाचले. दुष्काळात काय खावं, कसं तगावं याचं एक पुस्तक त्यांनी १८३४ मध्ये फिनिशमध्ये लिहिलं, आणि १८३९ मध्ये शेतकऱ्यांसाठी घरगुती वैद्यकाचं. रोग्याला ज्या भाषेत दुखतं त्याच भाषेत औषध सांगावं, एवढी साधी गोष्ट. पण तोवर सरकारी डॉक्टरांना ती सुचली नव्हती.

रजेचे अर्ज मात्र ते भरपूर करीत. रजा मंजूर करण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला त्यांच्या वरिष्ठांबद्दल थोडी सहानुभूती वाटते. पण रजा मिळत गेल्या, हे त्या भाषेचं नशीब.

१८३३ च्या सप्टेंबरात सीमेपलीकडच्या कारेलिया प्रांतात वुओन्निनेन गावी वास्सिला नावाचा एक म्हातारा भेटला. त्याला ओळी फारशा आठवत नव्हत्या; पण वैनामोइनेनचं आधी काय झालं, मग काय झालं, हा क्रम पक्का होता. सुटी गाणी एका दोऱ्यात ओवता येतील, ही कल्पना तिथून पक्की होत गेली. दुसऱ्या वर्षी, एप्रिल १८३४ मध्ये, लात्वायार्वी या खेड्यात आरहिप्पा पेर्त्तुनेन भेटला. पासष्टीचा शेतकरी. तो तीन दिवस गात होता आणि डॉक्टर तीन दिवस लिहीत होते. चार हजारांहून जास्त ओळी झाल्या.

२८ फेब्रुवारी १८३५ ही 'कालेवाला'च्या प्रस्तावनेची तारीख. फिनलंडमध्ये हा दिवस आजही 'कालेवाला दिन' म्हणून पाळतात. पहिल्या आवृत्तीत ३२ सर्ग, १२,०७८ ओळी. प्रती फक्त ५००, आणि त्या खपायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. (मराठी कादंबरीकारांनी धीर धरावा.) पण पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं की मी थबकतो. तिथं लोनरूटांचं नाव नाही. प्रस्तावनेच्या अखेरीस नुसती दोन आद्याक्षरं. ही फिनिश लोकांची जुनी गाणी आहेत, आपण ती फक्त जुळवली, असा सगळा आविर्भाव. लाउलेतान. गायलं जातं. कोण गातं, विचारू नका.

हा विनय खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण हिशेब तपासणाऱ्याची सवय जात नाही. विसाव्या शतकात वैनो काउकोनेन या संशोधकानं 'कालेवाला'ची ओळ न् ओळ मूळ टिपणांशी ताडून पाहिली. सुमारे तृतीयांश ओळी गायकांनी म्हटल्या तशाच निघाल्या, निम्म्या थोड्या फिरवलेल्या, आणखी काही जुन्या ओळींच्या धर्तीवर बेतलेल्या. निव्वळ लोनरूटांच्या स्वतःच्या जेमतेम तीन टक्के. म्हणजे ओळी लोकांच्या. पण कुठली ओळ कुठं बसवायची, कुठल्या पोरीला कुणाची बहीण करायचं, कथा कुठं संपवायची, हे एका माणसानं ठरवलं. गायक जशी आपल्या मनानं गाणी जुळवतो तसा हक्क इतकी गाणी पाठ झालेल्या आपल्यालाही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पटण्यासारखं आहे. मात्र या न्यायानं पडद्याआड ते एकटे गेले नाहीत. त्यांच्याबरोबर आरहिप्पा गेला, वास्सिला गेला, गाणाऱ्या कितीतरी बाया गेल्या. पुस्तक वाचताना ही ओळ कुणाच्या तोंडची, हे पानावरून कळत नाही. १८४९ मध्ये ५० सर्गांची, २२,७९५ ओळींची मोठी आवृत्ती निघाली. तिच्यासाठी एउरोपेउस नावाच्या तरुणानं रानोमाळ हिंडून ढीगभर गाणी आणली होती. सामान्य वाचकाला त्याचंही नाव ठाऊक नसतं.

स्वतःचं नाव लपवणं आणि दुसऱ्याचं लपणं, यांत फरक आहे. व्याकरणात दोन्हींसाठी एकच प्रत्यय असतो, ही पंचाईत.

त्याच १८४९ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी लग्न केलं. बायकोचं नाव मारिया. आणि १८५० मध्ये सरकारचा हुकूम आला: धर्म आणि शेती-व्यवसायाची उपयुक्त पुस्तकं सोडून फिनिशमध्ये काहीही छापू नये. युरोपात क्रांतीचं वारं होतं, झारला खेड्यातल्या माणसानं वाचणं नको होतं. ज्या भाषेत महाकाव्य निघालं त्याच भाषेत कादंबरी छापायला बंदी! ती बंदी १८६० पर्यंत पुरती विरली, आणि १८६३ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरनं फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा देण्याचं फर्मान काढलं. अंमलाला वीस वर्षांची मुदत.

पण कोर्ट, शाळा, दवाखाना चालवायचा तर शब्द हवेत. लोनरूटांचं मला सर्वांत आवडणारं काम इथलं आहे. 'गरम' या अर्थाच्या 'कूमा' शब्दापासून त्यांनी तापासाठी 'कूमे' हा शब्द केला. पुस्तक या अर्थाच्या 'किर्या'वरून साहित्यासाठी 'किर्याल्लिसूस'. भाषा आणि शिकवण हे दोन शब्द जोडून व्याकरणासाठी 'किएलिओप्पी'. असे कितीतरी. पूर्वेची बोली शुद्ध की पश्चिमेची, यावर विद्वान हमरीतुमरीवर आले होते. लोनरूटांनी दोन्हींकडचं घेतलं आणि भांडणाची धार बोथट केली. १८५३ मध्ये, कास्त्रेन या मित्राच्या मृत्यूनंतर, ते हेलसिंकीत फिनिश भाषेचे प्राध्यापक झाले. वनस्पतींची फिनिश नावं लावून फुलझाडांचं पुस्तक केलं, लोकांसाठी कायद्याचं पुस्तक भाषांतरित केलं. आज फिनलंडमध्ये ताप आलेला माणूस डॉक्टरला सांगतो तो शब्द लोनरूटांचा असतो, आणि हे त्याच्या गावीही नसतं. शब्द करणाऱ्याचं नाव शब्दावर कुठं कोरलेलं असतं?

१८६२ मध्ये निवृत्त होऊन ते साम्मात्तिला परतले. पेन्शनर माणसानं काय करावं याचा आदर्श हवा असेल तर हा घ्या: त्यांनी फिनिश-स्वीडिश शब्दकोश पुरा केला. १८६६ ते १८८० अशी चौदा वर्षं तो भागाभागानं निघत होता. दोन लाखांवर शब्द. पण घरात एकेक माणूस जात होतं. १८६८ मध्ये मारिया क्षयानं गेली. पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मागं राहिली एकटी इडा. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रोगांवर पुस्तकं लिहिली त्याच्या घरी असं व्हावं. तरी टेबलावरचं काम थांबलेलं दिसत नाही. चर्चच्या गीतांचं पुस्तक दुरुस्त करणं चालू होतं, १८८० मध्ये मंत्रगीतांचा संग्रहही काढला. १९ मार्च १८८४ रोजी, ब्याऐंशीला तीन आठवडे उणे असताना, साम्मात्तितच त्यांचं निधन झालं.

मुखपृष्ठावर नाव न घातलेल्या या माणसाचा चेहरा पुढं नोटेवर आला. मग गायकांचं काय झालं?

फिनिश साहित्य संस्थेनं १९०८ पासून १९४८ पर्यंत ३३ ग्रंथांत मूळ गाणी छापली. पुरवणीचा एक ग्रंथ १९९७ मध्ये निघाला. यांत गाणी सुधारलेली नाहीत, शिवलेली नाहीत. जशी मिळाली तशी. आणि जिथं ठाऊक आहे तिथं गाणाऱ्याचं नाव, गाव, लिहून घेणाऱ्याचं नाव, साल. याविषयी वाचलं तेव्हा मला जुनी लेजरं पुरी जुळल्यावर संध्याकाळी वाटायचं तसं वाटलं. प्रत्येक नोंदीला व्हाउचर. आरहिप्पा पेर्त्तुनेन तिथं स्वतःच्या नावानं आहे. हे शक्य झालं तेही लोनरूटांमुळंच, कारण त्यांनी ती टिपणं फेकली नव्हती.

त्या टिपणांत आरहिप्पानं सांगितलेली एक आठवण आहे. तो लहान असताना बाप त्याला लापुक्काच्या तळ्यावर मासे धरायला नेई. मदतीला त्या बाजूचाच एक गडी असायचा, तोही गाणारा. बापाइतका नव्हे, पण चांगला. रात्री काठावर शेकोटी पेटवून ते दोघं एकमेकांचे हात हातांत घेऊन गात बसत. रात्रभर गात आणि एकही गाणं दुसऱ्यांदा येत नसे. पोरगं जवळ बसून ऐकायचं. आपल्यामागं आपली मुलं काही गाणार नाहीत, अशी आरहिप्पाला खंत होती. ती खोटी ठरली: त्याचा मुलगा मिइहकाली म्हातारपणी आंधळा झाला, पण त्याच्याकडूनही पुढच्या संग्राहकांनी गाणी लिहून घेतली.

बापाचं नाव इवाना. त्या गड्याची ओळख मात्र लापुक्काकडचा माणूस, एवढीच आहे.